तोंडाला तोंड

मजीदला स्वतःच्या हातांचा गर्व होता आणि तो त्यानं कधी लपवलाही नाही. शहागंजच्या घड्याळामागच्या बोळात त्याचं गॅरेज. नव्या गाड्यांकडे तो ढुंकूनही बघत नसे. ‘ये गाडी नै, मोबाइल है’ म्हणून वाटेला लावायचा. जुन्या गाडीचं दुखणं मात्र तो नुसत्या आवाजावरून सांगे, आणि सांगताना आजूबाजूची चार माणसं ऐकताहेत ना, याची खात्री करून घेई. त्यातही मेनिफोल्डच्या कामात त्याचा हात धरणारा शहरात कोणी नाही, असं सगळे म्हणत. निदान मजीद तरी म्हणे, की सगळे म्हणतात.

अशा माणसाच्या हाताखालून गेलेली एक गाडी दोनेक वर्षं फटफट करत शहरभर फिरत होती, आणि ती नीट करायची त्यालाच बंदी होती.

गाडी रामप्रसादसाहेबांची. साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे पाचोडकडचे. बापजाद्यांनी मेंढरं राखली, यांनी कालवे राखले. खात्यातल्या एका वरिष्ठांकडून त्यांनी जुनी पांढरी ॲम्बेसेडर घेतली होती आणि पेन्शनीत निघाल्यावर दुसरं काही काम न उरल्यामुळे ते स्वतःच पाना घेऊन तिच्या मागे लागले. एके दिवशी त्यांनी मेनिफोल्डचा नट असा काही आवळला, की आतला स्टडच, म्हणजे नट बसतो तो आट्यांचा खिळा, तुटला. मेनिफोल्ड म्हणजे इंजिनाचा जळका धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा बिडाचा पाइप. तो इंजिनाला घट्ट चिकटून बसला तर गाडी गुमान चालते. जरा फट राहिली की धूर तिथूनच फुंकर मारतो, आणि साहेबाची गाडी ट्रॅक्टरच्या थाटात गल्लीत शिरते.

मजीदनं पहिल्याच दिवशी बॉनेट उघडून काजळीचा ओघळ बोटानं दाखवला. “साब, इसका मुँह टेढा हो गया. तोंडाला तोंड लागंना झालंय. घासून सरळ करतो, नवं पॅकिंग टाकतो. आवाज विसरून जा.”

त्याच संध्याकाळी साहेबांच्या पत्नी, सत्यशीलाबाई, मजीदच्या घरी आल्या. मजीदची बायको अख्तरी शिवणकाम करायची, त्यामुळे बाईंचं येणं-जाणं जुनं. त्या दिवशी मात्र हातात ब्लाउजपीस नव्हता.

“मजीदभाई, गाडीचा तेवढा आवाज राहू द्या,” बाई म्हणाल्या.

“राहू द्या?” मजीदला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “भाभी, लोक आवाज घालवायला येतात माझ्याकडं.”

मग बाईंनी सगळं सांगितलं. त्यांची लेक अक्षदा. तिनं सम्यकशी लग्न केलं. पोरगा शिकलेला, नोकरीतला, निर्व्यसनी. फक्त जातीतला नव्हता. साहेबांनी सगळ्या भावकीसमोर उभं राहून पोरीला सुनावलं, ‘आजपासून मी तुझं तोंड पाहणार नाही.’ पोरगीही त्यांच्याच वळणाची. तिनं तोंडाला तोंड दिलं, ‘नका पाहू.’ झालं. तेव्हापासून बाप-लेकीची गाठ नाही. पण पाचोडच्या बाजाराच्या दिवशी साहेब गाडी काढून भावाकडे, मल्हारीकडे जात. तेवढा वेळ अक्षदा नातीला घेऊन आईपाशी येऊन बसे. साहेब परत कधी येतील याचा नेम नसायचा. पण गाडी औरंगपुऱ्याच्या भाजीमंडईपाशी वळली की तिची फटफट थेट स्वयंपाकघरात ऐकू यायची, आणि साहेब गल्लीत गाडी लावेपर्यंत अक्षदा मागच्या दारानं पलीकडच्या बोळात.

“तो आवाज गेला तर माझी लेक गेली, मजीदभाई.”

अख्तरीनं नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. मजीदनं तिथल्या तिथं कबूल करून टाकलं.

कबूल करणं सोपं होतं. करणं महाकठीण निघालं. गळती बंद करायला अक्कल लागते, पण बेताची गळती राखायला त्याहून जास्त लागते, हे मजीदला तेव्हा कळलं. बीड तापलं की फुगतं आणि बारीक फट आपोआप बुजते. म्हणजे सकाळी गल्ली दणाणून सोडणारी गाडी पाचोडहून परतेपर्यंत मुकी व्हायची भीती. उलट फट जास्त ठेवली तर गाडीचा दम जातो, चढावर धाप लागते. मजीदनं शेवटचा नट असा काही तोलून ढिला ठेवला, की तापल्यावरही मंडईपासून स्वयंपाकघरापर्यंत आवाज बरोब्बर पोचावा. आयुष्यातलं इतकं नाजूक काम, आणि सांगायची सोय नाही!

साहेबांची वेगळीच तऱ्हा. गॅरेजात शिरताना ते चार माणसांत ओरडायचे, “मजीद, लई बोंबलतीय रे ही! काय तरी कर!” आणि मजीदनं पाना उचलला की हळूच म्हणायचे, “ऱ्हाऊ दे. आता कुठं खोलत बसतो? जुनंच पॅकिंग बसव. चालतीय तवर चालू दे.” मजीद मनात म्हणायचा, काय कंजूस माणूस आहे! पण त्या कंजूसपणावर भाभींचं घर तरलं होतं, म्हणून तो गप्प बसायचा.

गप्प बसायला मजीदची हरकत नव्हती. लोकांनी गप्प बसायला हवं होतं. घड्याळाजवळच्या हॉटेलात रोज चहाला रामेश्वर असायचा. त्याचंही गॅरेज त्याच रस्त्यावर. ॲम्बेसेडर लांबून फटफटत आली की तो कपाळाला हात लावून ऐकायचा आणि म्हणायचा, “आली बघा मजीदभाईची कारागिरी. आंधळ्याला बी दिसती.” सगळं हॉटेल हसायचं. एकदा जुन्या गाड्यांचे एक शौकीन गृहस्थ आपली डॉज मजीदला दाखवायला आले. तेवढ्यात साहेबांची गाडी दारात आली. गृहस्थांनी ती ऐकली, ‘पुन्हा येतो’ म्हणाले आणि चार दिवसांनी त्यांची डॉज रामेश्वरच्या दारात उभी दिसली.

त्या दिवशी मजीद घरी जेवला नाही.

“एकदाच,” तो अख्तरीला म्हणाला. “एकदाच दुरुस्त करतो, हॉटेलपुढनं नेतो, रामेश्वरच्या कानाखालून. मग पुन्हा नट ढिला. किसीको पता नै चलेगा.”

“नक्को जी,” अख्तरी म्हणाली. पण मजीदच्या डोळ्यांपुढे रामेश्वरचा उतरलेला चेहरा आधीच उभा राहिला होता.

संधी लवकरच आली. ब्रेकच्या कामासाठी गाडी गॅरेजात ठेवून, बाजाराच्या दिवशी साहेब एसटीनं पाचोडला जाणार होते. “परतल्यावर संध्याकाळी गाडी न्यायला येतो,” ते म्हणाले. ब्रेकचं काम लवकर उरकलं. मग मजीदनं मेनिफोल्ड उतरवला. तुटक्या स्टडला डिझेल पाजून पाजून, गोंजारून, बाहेर काढला. पाइप लेथवर नेऊन त्याचं तोंड घासून सपाट करून घेतलं, त्यावर पट्टी आडवी धरून उजेड कुठून डोकावतो का, पाहिलं. कुठूनच डोकावला नाही. नवं पॅकिंग बसवलं. मधले नट आधी, मग कडेचे, थोडे थोडे, फिरून फिरून. इंजिन तापवून, निववून पुन्हा एकदा. त्या कामात तो इतका रमला, की कोणासाठी आणि कशासाठी हे सगळं चाललंय, तेच विसरला. खरं सांगायचं तर दोन वर्षांत त्याला इतकं सुख झालं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी दुपारी त्यानं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं की नाही, हे बघायला त्याला बॉनेटवर हात ठेवावा लागला.

आता फक्त रामेश्वर चहाला येण्याचा अवकाश होता. मजीदनं हात धुतले, केस विंचरले, आणि बोळाच्या तोंडाशी रिक्षातून उतरणारे रामप्रसादसाहेब त्याला दिसले.

“साब! तुम्ही तर संध्याकाळी...”

“मल्हारी भेटलाच नाय. मेंढरं घेऊन लांब गेला म्हणं. मिळाली ती गाडी धरून माघारी आलो.” साहेब घामाघूम झाले होते. स्टँडवरून त्यांचं घर जवळ आणि गॅरेज लांब, तरी माणूस उन्हातान्हात आधी गाडी न्यायला आला. मजीद मनात म्हणाला, गाडीचं वेड म्हणतात ते हेच. मग त्याला आठवलं, की आज बाजाराचा दिवस, आणि अक्षदा आत्ता घरात आहे.

“थोडं काम बाकी आहे साब. एकच नट...”

“किल्ली आण.” साहेब आत बसले. त्यांनी गाडी सुरू केली. त्यांनी बॉनेटकडे कान केला.

“बंद पडली?”

“चालू आहे.”

साहेबांचा चेहरा उतरला. रामेश्वरसाठी राखून ठेवलेला तो चेहरा साहेबांच्या धडावर बघून मजीद चक्रावला. “आवाज कुठं गेला?” साहेबांनी विचारलं.

“गेला,” मजीद म्हणाला. एवढ्या संकटातही त्याची छाती इंचभर फुगलीच.

मजीद घाईघाईनं शेजारी बसला. “ट्रायल घ्यावी लागते साब, नव्या पॅकिंगची. दूर तक.” गाडी तापलेली, नट आता सुटणार नाही, निदान अक्षदा आपल्या पायानं घरी जाईपर्यंत माणसाला रस्त्यावर अडकवून ठेवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

“व्हय व्हय, लांबच जाऊ,” साहेब लगेच म्हणाले.

गाडी हॉटेलपुढून गेली. रामेश्वर बाहेरच्या बाकावर बसून चहा फुंकत होता. त्यानं मान वर केली नाही. कशाला करेल? आवाजच नव्हता. ज्या क्षणासाठी मजीदनं एवढा उपद्व्याप केला तो चाकाखालून निघून गेला, आणि रामेश्वर बिस्किट बुडवत राहिला.

दिल्ली गेटपर्यंत गेल्यावर मजीद म्हणाला, “चढावर बघाय पाहिजे.” साहेबांनी गाडी हर्सूलच्या रस्त्याला लावली. तिथून वळल्यावर मजीद म्हणाला, “आता छावणीत. तिथं रस्ता मोकळा.” साहेब म्हणाले, “छावणीच म्हणणार होतो.” एका टपरीवर त्यांनी उसाचा रस पाजला. डायबेटिसचा माणूस, स्वतः दुसरा ग्लास मागून प्याला. मजीदला वाटलं, किती सहज फसतोय बिचारा! पण फसणारा माणूस इतक्या आनंदानं कधी फसत नाही, एवढं त्याच्या ध्यानात यायला हवं होतं. मिल कॉर्नरपाशी पोलिसानं डावीकडचा रस्ता बंद केला होता. मागून बस ढकलत होती. वळायला जागाच राहिली नाही आणि गाडी गर्दीबरोबर वाहत औरंगपुऱ्यात आली.

भाजीमंडईपाशी साहेबांनी हॉर्न दाबला. दाबला तो सोडलाच नाही. पण औरंगपुऱ्यात हॉर्न कोणाला ऐकू येतो? रिक्षांचे, मोटारसायकलींचे, टेम्पोंचे हॉर्न त्यात मिसळत होते. एका कोथिंबीरवालीनं तेवढ्या कपाळाला आठ्या घातल्या. साहेबांनी उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर रेमटवला. मजीदचं काम चोख होतं. गाडी मांजरासारखी गुरगुरली, बस. मग साहेब खिडकीतून डोकं काढून, त्यांच्याशेजारीच बसलेल्या मजीदच्या नावानं मोठमोठ्यानं ओरडायला लागले, “ए मजीद! आलो का रे आपण? आलो व्हय? घर आलं बग माझं!”

तेव्हा कुठे मजीदच्या डोक्यात उजेड पडला.

“साब,” तो हळूच म्हणाला, “तुमको मालूम है?”

साहेबांनी हॉर्नवरचा हात काढला. “घरात एका माणसाचं ताट उष्टं, आणि भांडी तिघांची. मोरीत लहान चप्पल. चाळीस वरीस मी कालव्याच्या गळत्या शोधल्या, मजीद. माझ्या घरातली मला दिसंना व्हय?” ते समोर बघत होते. “शब्द चारचौघांत गेला. परत कसा घेऊ? म्हणून म्हणलं, बोंबलू दे गाडी. तिला पळायला वेळ मिळंल. मला बी बघावं लागणार नाय. आन् तू, नालायका, लई चांगलं काम केलंस!”

मजीदला दोन वर्षांनी कोणी कामाची तारीफ केली होती, आणि ती ही अशी!

“नट ढिला कर,” साहेब म्हणाले. “हितंच. आत्ता.”

गाडी गल्लीच्या तोंडाशी लागली. बॉनेट उघडलं. मेनिफोल्डवरून वाफेसारखी झळ येत होती. मजीदनं पाना लावला. नट हलला नाही. साहेब वाकले, त्यांनीही जोर लावला. हलला नाही. मजीदचा हात पाइपला टेकला आणि चर्रकन भाजला. “या अल्ला! मीच आवळलाय!” तो ओरडला. त्यात दुःख किती आणि अभिमान किती, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

“मजीदचाचा?”

मागे अक्षदा उभी होती. कडेवर पोरगी, खांद्याला पिशवी, पिशवीत आईनं दिलेले डबे. कुठलाच आवाज आला नाही म्हणून आज पहिल्यांदाच ती निवांत जेवली होती, आणि पुढच्या दारानं, मोठ्या रस्त्यानं रिक्षा बघायला निघाली होती.

साहेबांनी आवाज ओळखला. त्यांनी डोकं बॉनेटच्या आणखी आत घातलं, कार्ब्युरेटरपर्यंत.

मजीद भाजलेला हात तोंडात धरून उभा. अक्षदा बापाच्या पाठीकडे बघत राहिली. “चाचा,” ती म्हणाली, “बाबांची पाठ किती वाळलीय.”

“आई, हे कोण?” पोरीनं विचारलं.

बॉनेटच्या आतून, घोगऱ्या आवाजात, उत्तर आलं.

“मजीद, सांग तिला. आजा हाय म्हणावं.”

“तुमीच सांगा, साब,” मजीद म्हणाला. “शपथ पोरीचं तोंड न बघायची खाल्ली, नातीचं थोडीच?”

साहेबांनी विचार केला असावा. मग ते सावकाश बाहेर आले, डोळे नातीवर रोखून, जरासुद्धा वर न जाऊ देता. कपाळापासून हनुवटीपर्यंत काजळी फासली होती, चष्मा घामानं धुरकटला होता आणि ते हसायचा प्रयत्न करत होते. पोरीनं त्या काळ्याठिक्कर चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि असं भोकाड पसरलं, की जे काम हॉर्नला जमलं नव्हतं ते झालं: गल्लीतली खिडकी उघडली आणि सत्यशीलाबाई बाहेर डोकावल्या.

साहेब घाबरले. आणि कडेवरचं मूल रडायला लागल्यावर कोणताही आजोबा जे करतो, तेच त्यांनी केलं. त्यांनी पोरीच्या आईकडे बघितलं.

बघितलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. डोकं पुन्हा बॉनेटमध्ये घालण्यासाठी ते अर्धवट वाकलेही. पण बघून झालं होतं. तेही चारचौघांत, कोथिंबीरवाली साक्षीला होती.

“उन्हाचं पोरीच्या डोक्यावर काय तरी घालावं,” साहेब म्हणाले. कोणाला म्हणाले, ते स्पष्ट नव्हतं. मग त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं आणि हातानं धरून ठेवलं. खिडकीतून बाई पदराचं टोक तोंडात धरून बघत होत्या. अक्षदा आईकडे बघत, डबे सांभाळत, ‘सिडको’ एवढंच म्हणून आत बसली. बॉनेट लावताना मजीदनं नटावरून एकदा बोट फिरवलं.

गाडी जालना रोडला लागली. एरवी तिच्यात बोलायची सोय नसायची; फटफट इतकी, की शेजारच्याचं बोलणंही ओरडूनच ऐकावं लागे. आता काहीच आवाज नव्हता. पोरीचे हुंदके ऐकू येत होते, डब्याच्या झाकणाची खडखड ऐकू येत होती, साहेबांचा श्वास ऐकू येत होता. कोणी बोललं नाही तर ते न बोलणंही स्पष्ट ऐकू येत होतं. मजीदला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की इतकं चोख काम करायला नको होतं.

“मजीद,” साहेब शेवटी म्हणाले, “तो नट पुढच्या आठवड्यात ढिला कर.”

“काही ढिला करायचा नाही, चाचा,” मागून अक्षदा म्हणाली. “मी पुढच्या दारानंच येणार.”

साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण काजळीमुळे मजीदला ते नीट दिसलं नाही. सिडकोचा चौक जवळ आला. सिडकोत अक्षदाचं घर नेमकं कुठे आहे ते साहेबांना ठाऊक नव्हतं. मजीदला विचारावं, तर त्यालाही ठाऊक नव्हतं.

“डावीकडं वळा, बाबा,” अक्षदा म्हणाली. “दुसऱ्या गल्लीत, पिठाच्या गिरणीशेजारी. दोन मिनिटं लागतील.”

साहेबांनी ऐकलं. त्यांनी मानही हलवली. हिरवा दिवा लागला आणि त्यांनी गाडी सरळ शहराबाहेर, चिकलठाण्याच्या रस्त्याला घातली.

रस्ता चुकला म्हणून सांगायला मजीदनं तोंड उघडलं आणि मिटलं. मागे अक्षदानं पोरीच्या डोक्यावर ओढणी घातली आणि तिला मांडीवर निजवलं.